दहा महिन्यांची तपासनीस

सुहास एका कारखान्यात क्वालिटीत होता. आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. त्यामुळे बडोद्याहून, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याकडून नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्याने सवयीने वही उघडली आणि रकाने पाडले. घर, पाणी, हवा, दवाखाना, शाळा, रस्ते, बाजार, शेजार, असं करत तेरा बाबी झाल्या. प्रत्येकीला दहा गुण. एकशेतीसपैकी शंभर मिळाले तर विरारचं बिऱ्हाड हलवायचं, नाहीतर नाही.

"मनूला माझ्याकडे ठेवून जा," आई म्हणाली. "एवढ्याशा लेकराला घेऊन कसली गावं बघता?"

पण मनू दहा महिन्यांची होती, अजून अंगावर पीत होती. "तिलाही तिथेच राहायचंय ना? मग तिनेही बघू दे," मेघना म्हणाली. सुहास गप्प बसला. दोन दिवसांच्या कामाला आता तीन दिवस लागणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. बोरिवलीहून रात्रीच्या गाडीत बसून ते पहाटे बडोद्याला उतरले. थंडी होती. उत्तरायण होऊन पंधरा दिवस झाले तरी विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. सयाजीगंजात एका लॉजवर सामान टाकून नऊच्या ठोक्याला ते दलालाच्या गाडीत बसले.

पहिलं घर विश्वामित्री नदीच्या बाजूला, तळमजल्यावर होतं. जुनंच, पण नुकतं रंगवलेलं. पुढे छोटी बाग, मागच्या खिडकीतून झाडी, आणि झाडीपलीकडे नदी. "रिव्हर व्ह्यू, सर," दलाल म्हणाला. सुहासने दीर्घ श्वास घेतला आणि 'हवा'समोर दहा लिहिले.

मनूला मेघनाने खाली सोडलं होतं. ती रांगत थेट भिंतीशी गेली, बसली आणि नखाने रंग उकरू लागली. थोड्या वेळाने तिच्या मुठीत तळहाताएवढा पोपडा आला. वरून पांढरा, आतून मातकट आणि ओलसर. तो तोंडात जायच्या आत मेघनाने झडप घातली. मनूने भोकाड पसरलं.

"पोरगी आपली भिंती खायला निघालीय," सुहास म्हणाला. दलाल हसला आणि जरा घाईनेच सगळ्यांना बाहेर घेऊन आला.

दुसरं घर वासणा-भायली रस्त्याला. इमारत अजून बांधून व्हायची होती, पण पहिल्या मजल्यावर सॅम्पल फ्लॅट तयार होता. गुळगुळीत फरशी, सोफा, डायनिंग टेबलावर काचेच्या बशा, मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या. सुहास खूश झाला. 'घर' नऊ, 'पाणी' नऊ. चोवीस तास पाणी, असं माहितीपत्रकातच छापलं होतं.

नेमकी त्याच वेळी मनूने शी केली. साधीसुधी नाही, पाठीपर्यंत गेलेली. पुसायची पिशवी लॉजवर राहिली होती. मेघना तिला हातांवर आडवी धरून न्हाणीघरात धावली. चकचकीत नळ, वर शॉवर, बाजूला दुमडलेला टॉवेल. तिने नळ फिरवला. पाणी नाही. दुसरा फिरवला. तोही कोरडा.

"सर, ये तो सॅम्पल है," दलाल दारातून म्हणाला. "इस में लाईन नहीं है."

टॉवेल ओढला तर तोही कडीला शिवलेला निघाला.

मेघना तशीच जिना उतरून खाली आली. वाळूच्या ढिगापलीकडे, दोन बांबूंच्या मध्ये साडीची झोळी बांधली होती आणि तिच्यात एक मूल झोपलं होतं. शेजारी एक बाई घमेल्यात सिमेंट कालवत होती. दाहोदकडची असावी. तिने मेघनाकडे पाहिलं, मग मनूकडे, आणि काही न विचारता हात झटकून उठली. उन्हात ठेवलेला पत्र्याचा डबा तिने आणला. पाणी कोमट झालं होतं. ती धार धरत गेली आणि मेघना मनूला धूत गेली. धुऊन झाल्यावर बाईने पदराचं कोरडं टोक पुढे केलं. मेघना गडबडीत तिचं नावही विचारायची विसरली. दोघींची भाषा एक नव्हती, पण त्या पाच मिनिटांत भाषेवाचून काही अडलं नाही.

सुहास वर उभा राहून घड्याळ बघत होता. अजून दोन घरं, एक शाळा आणि एक मॉल बाकी होता.

दुपारी मनूने संप पुकारला. लॉजच्या खोलीत ती झोपेना, गाडीत बसेना. शेवटी दलालाला उद्यावर ढकलून ते तिला घेऊन सयाजीबागेत आले. बडोदेकर तिला कमाटीबाग म्हणतात. १८७९ सालची बाग, मोठमोठी झाडं. मुलांच्या रेल्वेची शिट्टी वाजली की मनू क्षणभर रडायची थांबायची आणि पुन्हा सूर लावायची.

"झोप आलीय तिला," बाकावरून मराठीत आवाज आला. पांढऱ्या केसांच्या एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. "इकडे आण बघू. कुठून आलात?"

मेघनाने सगळं सांगितलं. आजींनी मनूच्या पोटाला हात लावून पाहिला. "भूक आणि झोप, दोन्ही एकदम आल्यात. बागेत कशी झोपेल? चला, दांडिया बाजारात घर आहे माझं. रिक्षाने जवळच आहे."

सुहास घुटमळला. अनोळखी घर, आणि वहीतले रिकामे रकाने. पण मेघना केव्हाच उठली होती.

घर जुनं, दोन मजली, उंच पायऱ्यांचं. आजींनी आधी मऊ खिचडीचे चार घास मनूच्या पोटात घातले. मग कोपऱ्यातलं घोडियुं पुढे ओढलं. दोन बाजूंना लोखंडी पाय, वर आडवा दांडा, त्याला टांगलेली कापडी झोळी आणि हलवायला एक दोरी. गुजरातेत घरोघरी हेच. मनू झोळीत गेली. आजींनी दोरी सुहासच्या हातात दिली.

"ओढत राहा. थांबलास की उठेल."

दहा मिनिटांत मनू गाढ झोपली. सुहासने वहीसाठी खिशाकडे हात नेला, दोरी सैल झाली आणि झोळीतून कुरकुर ऐकू आली. त्याने पुन्हा दोरी धरली. हात अडकलेला, लिहिता येईना. मग तो ऐकू लागला.

पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात किती दाबाने येतं, कचऱ्याची गाडी कधी येते, रात्रीबेरात्री लेकरू आजारी पडलं तर कुठे धावायचं, हे सगळं त्याला न विचारता कळत गेलं. मध्येच समोरच्या गुजराती बेन वाटीत हिरव्या लसणाची भाजी घेऊन आल्या, झोळीत डोकावल्या आणि पुढचं अर्धं वाक्य कुजबुजत बोलल्या.

"घरं कुठे पाहिलीत?" आजींनी विचारलं.

सुहासने नदीकाठचं घर सांगितलं. हवा दहापैकी दहा, असंही सांगितलं.

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. "तळमजला?"

"हो."

"माझी लेक तिकडेच राहते, नदीच्या अंगाला. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी तिच्या घरात शिरलं. फ्रीज तरंगत होता. वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांना ठेवून घेतलं, म्हणून निभावलं. नदीत मगरी आहेत, ठाऊक आहे ना? पूर आला की त्याही वस्तीत येतात. पाणी उतरलं की लोक भिंती रंगवून घेतात. रंग वरून बसतो, ओल आत राहते."

मेघनाने सुहासकडे पाहिलं. मनूच्या मुठीतला तो मातकट पोपडा दोघांनाही एकदमच आठवला. सुहासने व्हॉल्व्ह तपासण्यात बारा वर्षं घालवली होती. पण भिंतीचा खालचा दीड फूट त्याने पाहिलाच नव्हता. तिथे फक्त मनूची नजर पोचली होती.

"म्हणजे गाव वाईटच म्हणायचं," तो म्हणाला.

"असं मी कुठे म्हटलं?" आजी हसल्या. "२०१९ च्या पुरात इथल्याच एका फौजदाराने तान्ह्या लेकराला प्लास्टिकच्या टबात घातलं, टब डोक्यावर धरला आणि गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं. वसुदेवासारखं. देशभर छापून आला होता तो फोटो. नदी ह्याच गावची आणि तो फौजदारही ह्याच गावचा. तुझ्या वहीत दोघांना कुठे बसवशील?"

दोरीची लय क्षणभर चुकली.

"आमच्या महाराजांचं सांगते," आजी पुढे म्हणाल्या. सयाजीरावांना त्या अजून 'आमचे महाराज' म्हणत होत्या. "नाशिककडच्या कवळाण्याचं शेतकऱ्याघरचं पोर. १८७५ साली दत्तक म्हणून इथे आणलं, तेव्हा वय बारा. गाव पसंत आहे का, असं कुणी विचारलं असेल त्याला? पुढे त्यांच्याच काळात आजव्याचं पाणी शहरात आलं. १९०६ मध्ये त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गावात काय नाही ते त्यांना दिसत होतंच की. पण त्यासाठी त्यांनी गावाचे गुण कापले नाहीत."

मनू दोन तासांनी उठली. निघताना आजी म्हणाल्या, "जानेवारीत आलात, म्हणजे गाव पाहुण्यासारखं बघितलंत. आता मे महिन्यात या. पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा पोरीला घेऊन दोन दिवस नुसते राहा. ह्या गावाचं जुनं नाव वटोदर, वडाच्या पोटातलं. सावली किती लागते आणि किती मिळते, ते तेव्हाच कळेल."

रात्री लॉजवर सुहासने वही उघडली. 'हवा'समोरचे दहा खोडून 'पोपडा' लिहिलं. 'पाणी'समोरचे नऊ खोडून 'नळ कोरडा' लिहिलं. मग तो पेन हातात धरून बसून राहिला. कोमट पाण्याचा डबा कुठे लिहायचा? आणि घोडियाची दोरी? 'शेजार' असा एक रकाना होता खरा, पण तो इमारतीतल्या शेजाऱ्यांसाठी, आणि ती बाई काही त्या इमारतीत राहणार नव्हती. आज दिवसभरात ज्या दोन घरांना त्याने गुण दिले, त्या घरांनी त्याला काहीच दिलं नव्हतं. ज्यांनी दिलं, त्यांचा रकानाच नव्हता.

त्याने कंपनीकडे जूनपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली. मे महिन्यात तिघं पुन्हा आले. या वेळी दलाल नाही, वही नाही. मनू आता चौदा महिन्यांची, धडपडत चालणारी. दुपारी रस्ते ओस पडत, फरशी तापे, मनूच्या मानेवर घामोळं आलं. दुपारची झोप बाजूला ठेवून ते तिला घेऊन सावलीसावलीने चालून पाहत. जिथे चालता आलं, तिथेच त्यांनी घर शोधलं. विकत नाही, भाड्याने. नदीपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर, नळ आधी उघडून पाहून. बाकीच्या गैरसोयी होत्याच. त्या त्यांनी पाहून, माहीत करून घेतल्या.

परतायच्या आदल्या दिवशी मेघनाने मनूची लहान झालेली झबली एका पिशवीत भरली. सोबत खजुराचं पाकीट. दोघं वासणा-भायली रस्त्याला गेले. इमारत पुरी झाली होती. वाळूच्या ढिगाच्या जागी हिरवळ होती, तिच्यावर पाण्याचे फवारे उडत होते. बांबू नव्हते. झोळी नव्हती.

"वो लोग तो गए," चौकीदार म्हणाला.

"कहाँ?"

"जहाँ काम, वहाँ."

सुहास फवाऱ्यांकडे बघत राहिला. त्या झोळीतल्या पोराच्या आईबापांनी हे शहर आधी येऊन पाहिलं नव्हतं. पुढचंही पाहिलं नसेल. त्यांच्यासाठी कुणी तेरा रकाने पाडत नाही. तरी शहराला पाण्याचा पहिला गुण मिळाला होता तो त्यांच्याच डब्यातून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामानाचा टेम्पो आला. पाऊस अजून लांब होता. खोकी उघडायच्या आधी सुहास बाजारातून एक मोठा माठ घेऊन आला. तो त्याने घरात ठेवला नाही. मालकांना विचारून खाली फाटकाबाहेर, झाडाच्या सावलीत तिवईवर ठेवला, ओगराळं बांधलं, वर ओलं फडकं टाकलं. इकडे त्याला परब म्हणतात. मनू तिवईचा पाय धरून उभी राहिली आणि माठाला हात लावून पाहू लागली, गार आहे का ते.

तात्पर्य: परक्या गावाची परीक्षा घ्यायला जाऊ नये, त्याच्याकडे काही मागायची वेळ येऊ द्यावी. मागितल्यावर जे देतं, ते खरं गाव. आणि एकदा तिथले झालो की मागणाऱ्याच्या वाटेवर आपला एक माठ असावा.