रेघ कोणाची?

मार्च 2025 मध्ये चॅटजीपीटीत चित्रं तयार करण्याची नवी सोय आली आणि आठवडाभरात लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो जपानी स्टुडिओ घिब्लीच्या शैलीत, म्हणजे 'घिब्ली' होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. भारत सरकारच्या 'मायगव्ह'नेही पंतप्रधानांची तशी चित्रं प्रसिद्ध केली. कुणी आक्षेप घेतला की एक उत्तर तयारच असे: सेल (चित्रं उतरवून रंगवण्याचे पारदर्शक ताव) जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती, आज कुणाला सेल आठवतो? एआय ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. हा युक्तिवाद सोपा आहे, म्हणून तो झपाट्याने पसरला. पण अ‍ॅनिमेचा (जपानी अ‍ॅनिमेशनचा) इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो.

सेलच्या काळात कामाची साखळी ठरलेली होती. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या महत्त्वाच्या अवस्था कागदावर पेन्सिलीने काढत. दुसरे कलाकार त्यांच्यामधली चित्रं भरत. मग ती रेघ पारदर्शक तावावर उतरवायची, तावाच्या मागच्या बाजूने रंग भरायचा आणि तो रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चित्र फिल्मवर घ्यायचं. घिब्लीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'ला (1997) असे सुमारे 1,44,000 सेल लागले. त्याच वर्षी तोएई अ‍ॅनिमेशनने 'गेगेगे नो किटारो' या मालिकेचं रंगकाम कॉम्प्युटरवर नेलं. पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळा उद्योग त्या मार्गाने गेला. 1969 पासून चालू असलेल्या 'साझाए-सान' मालिकेने मात्र सप्टेंबर 2013 पर्यंत सेल सोडला नाही.

या बदलात कॉम्प्युटरने ताव, रंगाच्या बाटल्या आणि कॅमेरा घेतला. पेन्सिल घेतली नाही. 'स्पिरिटेड अवे'मधली (2001) नायिका चिहिरो डिजिटल रंगांत रंगवलेली आहे, पण तिची चाल, तिचं अडखळणं आधी कागदावर उमटलं आणि मग स्कॅन झालं. 'हाताचं अ‍ॅनिमेशन गेलं, मशीनचं आलं' ही मांडणी म्हणूनच मुळात चुकीची आहे. आणि ती फक्त एआयचे समर्थक करतात असं नाही. सेलच्या आठवणीने हळवे होणारे रसिकही तीच करतात.

या रसिकांना सर्वांत सडेतोड उत्तर दिलं ते इसाओ ताकाहाता यांनी. घिब्लीचे हे दुसरे मोठे दिग्दर्शक स्वतः अ‍ॅनिमेटर नव्हते. कदाचित म्हणूनच सेलमध्ये काय अडकून पडलं आहे हे त्यांना लख्ख दिसलं. सेलवर रेघ उतरताना तिचा दाब, थरथर, तुटकपणा पुसला जाई आणि तिच्या आत सपाट, अपारदर्शक रंग बसे. एकावर एक ताव चढवले की खालचे रंग काळवंडत. पार्श्वभूमी जलरंगातली आणि माणसं मात्र ठोकळ रंगांची, ही फट सेलच्या बहुतेक चित्रपटांत राहिली. आज ज्याला 'हाताची ऊब' म्हणतात, ते हाताची बरीचशी खूण पुसून टाकणारं तंत्र होतं.

1999 मध्ये ताकाहातांनी 'माय नेबर्स द यामादाज' केला. पूर्णपणे डिजिटल रंगवलेला घिब्लीचा हा पहिला चित्रपट. सगळी यंत्रणा त्यांनी एकाच कामाला लावली: पेन्सिलीची मोकळी रेघ आणि पाणचट जलरंग जसेच्या तसे हलवायचे. त्याच वर्षी त्यांचं बाराव्या शतकातल्या जपानी चित्रगुंडाळ्यांवरचं पुस्तक आलं. अ‍ॅनिमेशनची मुळं ते त्या गुंडाळ्यांत पाहत होते. तिथे रेघ वस्तूला कडेने बंद करत नाही, काही भाग बघणाऱ्यावर सोडते. या विचाराचा कळस म्हणजे 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (2013). मेजवानीतला अपमान ऐकून कागुया महालातून धावत सुटते, तेव्हा रेघा कोळशाने फरफटल्यासारख्या होतात, चेहरा विरतो, झाडं ओरखडे बनतात. हे सेलवर झालंच नसतं. कॉम्प्युटरमुळे पेन्सिल कोऱ्या कागदावरून थेट पडद्यावर आली.

तरीही नुकसान झालंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. रंगकाम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मिचियो यासुदा यांनी 1958 मध्ये तोएईत सुरुवात केली आणि पुढे घिब्लीच्या रंगयोजना आखल्या. बाटलीतल्या मोजक्या छटांतून वेळ, ऋतू, ओलावा दाखवण्याचं त्यांच्या पिढीचं ज्ञान हातातून हाताला जाई. बाटल्यांबरोबर ती शाळाही आटली. मधली चित्रं काढणाऱ्या नवोदितांना एका चित्राचे जेमतेम 200 येन मिळत राहिले. तंत्र बदललं, मोबदल्याचं गणित बदललं नाही.

दुसरं नुकसान जतनाचं. सेलवरच्या मालिका फिल्मवर असत, त्यामुळे त्या आज नव्याने स्कॅन करून स्वच्छ पाहता येतात. 2000 नंतरच्या अनेक मालिका तेव्हाच्या टीव्हीपुरत्या बारीक आकारात बनल्या. त्यांत नसलेला तपशील आता कुठून आणणार? युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांचा 'रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स राम' जानेवारी 2025 मध्ये फोर-केमध्ये भारतभर झळकला, तो हाताने रंगवून फिल्मवर घेतला होता म्हणूनच.

पण पेन्सिलच नसलेल्या त्रिमिती अ‍ॅनिमेचं काय? तिथेही नुसत्या साधनावरून निवाडा होत नाही. घिब्लीचाच 'आया अँड द विच' (2020) बाहुल्यांसारखा निर्जीव वाटला. 'द फर्स्ट स्लॅम डंक'मध्ये (2022) मूळ मांगाचे (चित्रकथेचे) कर्ते ताकेहिको इनोउए स्वतः दिग्दर्शक होते. कॉम्प्युटरने दिलेल्या चित्रांवर ते पुन्हापुन्हा हाताने दुरुस्त्या काढून देत राहिले, म्हणून त्या मैदानावरचे खेळाडू घामाघूम, जिवंत वाटतात. हा खांदा इतकाच का वळला, असं विचारलं तर उत्तर देणारा माणूस तिथे आहे.

घिब्ली फिल्टरमध्ये हा माणूस नाही. तिथली प्रत्येक रेघ इतरांनी आधी घेतलेल्या निर्णयांची सरासरी आहे, आणि त्या इतरांना कुणी विचारलेलं नाही. सेल ते कॉम्प्युटर या बदलाचा दाखला इथे लागू पडत नाही तो याच कारणाने. विरोधकांनीही आपली बाजू स्वच्छ ठेवावी. एआय म्हणजे जगण्याचा अपमान, हे मियाझाकींचं म्हणून फिरणारं मत या चित्रांविषयीचं नाही. जपानी वाहिनी एनएचकेच्या 2016 मधल्या माहितीपटात डोक्याचा पायासारखा वापर करून सरपटणाऱ्या एका आकृतीचं प्रात्यक्षिक पाहून, आपल्या अपंग मित्राची आठवण काढत ते बोलले होते. त्याच काळात 'बोरो द कॅटरपिलर' या लघुपटासाठी ते कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन आजमावत होते. त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतं.

भांडण परवानगीचं आणि श्रेयाचं आहे, आणि ते आता कागदोपत्रीही आलं आहे. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस, घिब्ली सदस्य असलेल्या 'कोडा' या जपानी संघटनेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला पत्र लिहून आपल्या सदस्यांचं साहित्य परवानगीशिवाय प्रशिक्षणासाठी वापरणं थांबवा, अशी मागणी केली.