खोडलेली ओळ

मान वर करा सगळ्यांनी. नेमाड्यांच्या ‘कोसला’वरची तुमची टिपणं मी काल रात्री वाचून काढली. शुद्धलेखनाच्या चुकांचा मला राग नाही, त्या मी सुधारून देईन. राग आलाय तो खोटेपणाचा. ज्याच्या त्याच्या कागदावर तेच : मराठी कादंबरीला नवं वळण देणारी कलाकृती, तरुण पिढीच्या घुसमटीचं प्रभावी चित्रण. १९६३ साली पुस्तक निघालं तेव्हापासून लोक यावर हमरीतुमरीवर येऊन भांडले आणि आपापल्या मतापर्यंत पोचले. तुम्ही ती मतं आयती उचललीत. अशी री ओढायला वाचनमंडळ कशाला हवं?

आणि तू, दुसऱ्या बाकावरची. तुझ्या कागदावर एक ओळ खोडलेली आहे. पेनानं गिरवून गिरवून खोडलीस, तरी उजेडाकडे धरली की वाचता येते. मनी गेल्याची पानं आली तेव्हा पुस्तक मिटलं, दोन दिवस हातात घेववलं नाही, असं तू लिहिलं होतंस. मग ते खोडून वर काय लिहिलंस? ‘कारुण्याचा उत्कट आविष्कार’! कुणाला घाबरलीस? धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणानं कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर पुरता उसवतो, आणि ते लपवायला एकही भारदस्त शब्द वापरत नाही. ते वाचून तुला जे झालं ते त्या पुस्तकाचं खरं मोल होतं. हा कागद घे, वरची ओळ खोड, खालची पुन्हा लिही.

मागच्या बाकावरचे, तुम्ही व्हरांड्यात ‘बोअर झालं’ म्हणत होतात. इथं आल्यावर तोंडाला कुलूप का? नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळालंय म्हणून? अरे, ज्या माणसानं ‘टीकास्वयंवर’मध्ये भल्याभल्यांची भीड ठेवली नाही, त्याच्याच पुस्तकापुढे तुम्ही होयबा होऊन बसता! कंटाळा आला तर तसं म्हणा. पण कुठं आला? डायरीच्या नोंदींपाशी, पुण्यातल्या होस्टेलपाशी, की वडिलांशी चाललेल्या धुसफुशीपाशी? पान दाखवा. पान दाखवता येत नसेल तर तुम्ही कंटाळला नाहीत, वाचलंच नाहीत. ‘बनगरवाडी’च्या वेळी हेच केलंत. पालेकरांचा सिनेमा बघून आलात आणि माडगूळकरांच्या आखूड, कोरड्या वाक्यांबद्दल विचारल्यावर एकाला अवाक्षर काढता आलं नाही. पडद्यावर ती वाक्यं दिसत नाहीत.

तुमच्या मतांवरून आपण पुढचं पुस्तक ठरवतो. सगळंच ‘अप्रतिम’ असेल तर मी काय ठरवू, आणि तुम्ही एकमेकांशी भांडणार कशावरून?

पुढच्या शनिवारी विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. १९३९ सालचं, बोटीवर घडणारं, लहानसं पुस्तक आहे. सबब चालणार नाही. चक्रधर हॅर्टाशी जसा वागला ते तुम्हाला पटलं की नाही, एवढंच लिहायचं, पान क्रमांकासकट. नाही पटलं तर बेधडक नाही म्हणा, मी तुमच्याशी वाद घालीन. मलपृष्ठावरून उतरवलेला कागद मात्र तिथल्या तिथं परत मिळेल.