घरकुलाचा दाता कोण?

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबईच्या हमरस्त्यालगत उभ्या असलेल्या त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, आणि ज्यांचा पांडवांशी कवडीइतकाही संबंध नसताना लोकांनी ज्यांना पांडवलेणी हे नाव देऊन टाकले आहे, त्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी एक लेख कोरविला. लेखाचा हेतू धार्मिक आहे, परंतु त्याचा तपशील एखाद्या दक्ष फडणिसाने लिहून काढावा असा आहे. हे लेणे चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघास राहण्यासाठी दिले. राहणाऱ्यांच्या निर्वाहासाठी ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांतील २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधीही परत मागावयाचे नाही, व्याजच तेवढे खर्चावयाचे, आणि २,००० च्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. हिशेब करून पाहिला तर तो पै-पैला जुळतो. हे सर्व निगमसभेत जाहीर करून वहिवाटीप्रमाणे फलकावर नोंदविले, असेही उषवदात आवर्जून सांगतो.

निवारा देण्याची याहून जुनी दप्तरी नोंद नाशिकच्या परिसरात शोधू गेल्यास क्वचितच सापडेल. आणि ती ज्यांच्यासाठी झाली ते लोक घर नसलेले नव्हते, घर सोडलेले होते. आजही दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की तपोवनात साधुग्राम वसते, शासनाचा खजिना त्यासाठी मोकळा होतो, आणि छप्पराचा त्याग केलेल्यांसाठी छप्पर उभारताना त्यांच्याजवळ कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. मला त्याचा विषाद नाही. विरक्ताला आसरा देणे ही या गोदातीराची जुनी रीत आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातला जो कोकणा, वारली किंवा महादेव कोळी मजूर कारवीच्या कुडावर शेण-माती लिंपून राहतो, आषाढात ज्याच्या आढ्याखाली भांडी मांडावी लागतात, आणि द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत ज्याला बिऱ्हाड पाठीवर घेऊन दिंडोरी-निफाडकडे उतरावे लागते, त्याला चार भिंती मिळविण्यासाठी आपली गरिबी कागदोपत्री सिद्ध करावी लागते. आणि ती सिद्ध झाल्यावर, भिंती उभ्या राहिल्यावर, त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षाही केली जाते. ही अपेक्षा न्याय्य आहे काय, आणि असेल तर ती कृतज्ञता कोणाप्रती, हा मला मूलतः धर्मविचाराचा प्रश्न वाटतो.

घरकुल योजनेचा इतिहास थोडक्यात असा. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ साली तिचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत झाले. महाराष्ट्राने आदिवासींसाठी शबरी व अनुसूचित जातींसाठी रमाई या नावांनी आपल्या योजना जोडल्या. केंद्राच्या योजनेत सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास १,२०,००० रुपये हप्त्याहप्त्याने बँक खात्यात मिळतात, वर रोजगार हमीच्या मजुरीची जोड असते, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. पहिला हप्ता, मग जोते, मग भिंती, मग छप्पर. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र, आणि छायाचित्र संगणकावर चढल्यावर पुढचा हप्ता. एवढ्या रकमेत आजच्या भावाने सिमेंट, सळई, वाळू आणि गवंडी यांचा मेळ कसा बसतो हे ज्याने एकदा तरी घर बांधले आहे त्याला विचारावे; बहुतेक घरकुलांच्या पायात सावकाराचे किंवा सोयऱ्याचे पैसे गाडलेले असतात.

या नियमांत एक कलम मात्र मला फार थोर वाटते: घर ठेकेदाराने बांधावयाचे नाही, राहणाऱ्यानेच बांधून घ्यावयाचे. पंचवटीची रामायणातील कथा या ठिकाणी सहज आठवते. रामाने लक्ष्मणास पर्णकुटीसाठी जागा शोध म्हटले, तेव्हा लक्ष्मणाने हात जोडून सांगितले की जागा तुम्हीच दाखवा, मी बांधतो. मग रामाने गोदावरीकाठची जागा निवडली, लक्ष्मणाने मातीच्या भिंती, वेळूचे वासे आणि गवताचे छप्पर केले, आणि मोबदला म्हणून थोरल्या भावाने त्याला आलिंगन दिले. त्या आश्रमाला कोणाची मंजुरी नव्हती हे खरे. पण राहणाऱ्याने जागा निवडावी आणि बांधणाऱ्याचा मान राखावा, या दोन्ही गोष्टी तेथे घडल्या. आपल्याकडे पहिली गोष्ट बहुधा घडत नाही, दुसरी कधीच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'सरकारने घर दिले' असे आपण सर्रास म्हणतो. सभेत पुढारी 'आम्ही दिले' म्हणतो. देणाऱ्याने जे द्यावयाचे ते आधी त्याच्या मालकीचे असावे लागते, ही दानाची पहिली अट आहे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व द्यावयाचे असते. तेथे प्रश्न निघाला की यजमान जर सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान करावी काय? सूत्रकार जैमिनींचा निर्णय असा की करू नये, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे, ती राजाच्या मालकीची नाही. शबरस्वामी भाष्यात याच दिशेने जातात. राजाचा अधिकार रक्षणापुरता. आणि त्या रक्षणाबद्दल त्याला जे मिळते त्याविषयी धर्मसूत्रकार बौधायनाने तर स्पष्टच म्हटले आहे की उत्पन्नाचा सहावा हिस्सा हे राजाचे वेतन आहे. म्हणजे ज्याला आपण अन्नदाता, मेहेरबान, मायबाप म्हणत आलो तो शास्त्राच्या दृष्टीने रयतेचा पगारी नोकर ठरतो. पगारी नोकराने धन्याच्याच पेटीतून धन्याच्याच एका मुलाला पैसे काढून दिले, तर तो दाता होत नाही. फार तर प्रामाणिक कारभारी होतो. प्रामाणिक कारभाऱ्याचे कौतुक जरूर करावे, पण त्याच्या पाया पडण्याचे कारण नाही.

विनोबांनी १९५१ साली भूदानयात्रा सुरू केली, तेव्हा ते जमीनदाराच्या दारात भिक्षा मागावयास उभे राहिले नाहीत; तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे, असे ते सांगत. बौधायनाचा सहावा हिस्सा राजाचा. विनोबांचा सहावा हिस्सा भूमिहीनाचा. दोहोंमध्ये तत्त्व एकच की तो हिस्सा कृपेने मिळत नाही, नात्याने मिळतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. घर हा हक्काचा वाटा मानला की देणाऱ्याचे औदार्य संपते, घेणाऱ्याची कृतज्ञता संपते, आणि उरतो तो रुक्ष व्यवहार. समाज केवळ हक्कांवर उभा राहील काय? देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणीत दानावर एक संपूर्ण खंड खर्ची घातला तो काय व्यर्थ? व्यर्थ नाही. पण दानपरंपरेकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. नित्याच्या दशदानांत गाय, भूमी, तीळ, सोने, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, रुपे आणि मीठ येते. घर येत नाही. दहा महादानांत घर येते, पण हत्ती, रथ आणि दासी यांच्या पंगतीत, म्हणजे श्रीमंताने श्रीमंती थाटात द्यावयाची वस्तू म्हणून. बेघराला आसरा हे ज्याच्या दशसूत्रीत स्वतंत्र कलम म्हणून आले तो महापुरुष शास्त्री नव्हता. तो हातात खराटा आणि गाडगे घेऊन फिरणारा गाडगे महाराज होता. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांच्यावर आपला किंवा आपल्या घरच्यांचा हक्क लागू दिला नाही. औदार्य हवेच असेल तर ते असे, स्वतःचे काही न ठेवणारे असावे.

शिवाय गीतेच्या सतराव्या अध्यायातील दानाची त्रिविध वाटणी या प्रकरणाला लावून पाहावी. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक; परतफेडीवर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेले ते राजस; अवमान करून, तुच्छतेने दिलेले ते तामस. मतदानाच्या तोंडावर चाव्या वाटण्याचा जो समारंभ होतो तो कोणत्या वर्गात बसतो हे सांगण्यास भाष्यकाराची गरज नाही. आणि अर्जदाराला चारचारदा 'उद्या या' म्हणणारा कारकून, रक्कम पूर्ण दिली तरी, तिला तामस करून सोडतो. शासकीय मदतीला दान म्हणण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी गीतेची ही कसोटी मान्य करावी. मग बहुतेक वेळा पुण्याचे खाते उघडण्याऐवजी बंदच करावे लागेल.

पात्राचा विचारही असाच उलटून गेला आहे. स्मृतिकारांच्या मते दानाचे पात्र म्हणजे विद्या आणि तप यांनी संपन्न असा पुरुष. आजच्या यादीत पात्र तो, ज्याच्याजवळ काही नाही. हा बदल मला पुरोगामी आणि धर्म्य दोन्ही वाटतो. पण घरकुलाच्या 'ड' यादीत नाव आहे की नाही, सर्वेक्षणाच्या दिवशी माणूस गावात होता की ऊसतोडीला गेला होता, दुचाकीची अट होती तेव्हा दारातली दुचाकी त्याची की पाहुण्याची, अशा योगायोगांवर पात्रता अवलंबून राहू लागली, तेव्हा पात्र म्हणून निवड होण्यात आणि सोडतीत नाव निघण्यात फरक उरत नाही.

घर पूर्ण झाले की त्याच्या दर्शनी भिंतीवर योजनेचे नाव, बोधचिन्ह, मंजुरीचे वर्ष आणि रक्कम रंगविली जाते. उषवदातानेही भिंतीवर लिहिलेच होते, असे कोणी म्हणेल. पण त्याचा लेख देणाऱ्याला बांधणारा होता: एवढी ठेव, एवढा दर, मुद्दल मागे घ्यावयाचे नाही, निगमसभा साक्षीला. आपली पाटी घेणाऱ्याला चिकटते. हप्ता किती दिवसांत मिळेल, उशीर झाल्यास दाद कोठे मागावी, यातले काहीही तिच्यावर नसते. २०१७ साली राजस्थानातील दौसा जिल्ह्यात तर शिधा घेणाऱ्यांच्या भिंतींवर आपण गरीब आहोत अशी ग्वाहीच रंगविली गेली होती. ज्या भिंतीआड माणूस आपली अब्रू झाकून ठेवतो तीच भिंत त्याची गरिबी गावाला सांगू लागली, तर त्या निवाऱ्याने निवारले काय?

त्रिरश्मीच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम आहेत, आणि प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने ते एकदा वाचावेत असे मला वाटते. पहिल्या हुकुमाने काखडी गावचे २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले आणि राजपुरुषांनी त्यात शिरू नये, त्यास हात लावू नये, तेथे मीठ खणू नये असे बजावले. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. त्यात राजा आणि राजमाता यांच्या नावाने सरळ कबूल केले आहे की ते शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही. सबब नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. कागदावरची देणगी निरुपयोगी ठरली हे मान्य करून तिच्या जागी उपयोगी देणगी देण्याचा हा मनाचा मोठेपणा आजच्या दप्तरात दुर्मीळ आहे. घरकुल मंजूर झाले, पण बांधावयास जागाच नाही. झोपडी गायरानात किंवा वनखात्याच्या हद्दीत. नावावर उतारा नाही. म्हणून मंजुरी पडून राहिली, अशी प्रकरणे तालुक्या-तालुक्यात आहेत. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने राज्याची वेगळी योजना आहे. पण सुरुवातीस ठरविलेल्या ५०,००० रुपयांत नाशिकजवळच्या गावठाणात ५०० चौरस फूट जागा कोण देणार होते? दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेल्या दादासाहेब गायकवाडांनी काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह केला आणि पुढे १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्यामागे हीच जाण होती की देवाचे दार उघडले तरी पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर माणूस उपराच राहतो.

निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली चमेलीसिंग खटल्यात सांगितले. तरीही घरकुल हे आजमितीस उद्दिष्ट आणि यादी यांवर चालते. यादीत नाव असून दहा वर्षे वाट पाहणाऱ्याला विलंबाबद्दल एक पैसा मागण्याची सोय नाही. याच महाराष्ट्राने कामाच्या बाबतीत निराळा मार्ग धरला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात उतरली, तिच्या खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याची जबाबदारी शासनाने स्वतःवर घेतली. भत्ता अल्प होता, अंमलबजावणी सदोष होती. पण मजूर याचक राहिला नाही, फिर्यादी झाला. घराच्या बाबतीत महाराष्ट्राने तसाच कायदा करावा: अर्जाला मुदत असावी, मुदत टळल्यास भरपाई असावी, जागा नसलेल्यास जागा देण्याची जबाबदारी शासनाची असावी, आणि भिंतीवरची पाटी काढून टाकावी.