आजचं चिंतन : दोन हजारांचं पुण्य कुणाचं?



आज गीतेचा तिसरा अध्याय, श्लोक १२. देवांनी दिलेलं घेऊन, परत काहीही न देता जो एकटाच उपभोगतो, त्याला भगवंत थेट चोर म्हणतात. हा श्लोक मी कित्येकदा वाचलाय, आणि दर वेळी डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी आलं. या वेळी आईच्या मोबाईलवरचा मेसेज आला.

पीएम किसानचा हप्ता. २०१९ पासून वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. २०२३ पासून राज्याचं नमो शेतकरीही आहे, म्हणजे वर्षाचे १२०००. आमची सोलापूरकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. सातबारावर आईचं नाव, त्यामुळे पैसे तिला येतात. यात बेकायदा काहीच नाही. मी आयकर भरते, मला मिळाले नसते. आई भरत नाही, तिला मिळतात. पण आई राहते माझ्याजवळ पुण्यात, आणि रान कसतात गावचे एक काका, अर्धेलीने. नांगरट, पेरणी, राखण सगळं त्यांचं. योजना बघते जमिनीची नोंद. घाम कुणाचा, हे सातबारावर कुठे लिहिलेलं असतं?

करार कागदावर का नाही, तर कूळ कायद्याची भीती. आजोबांच्या वेळेपासूनची. कागद नाही म्हणून काकांना पीककर्ज नाही. आणि जमीन नावावर नाही म्हणून पीएम किसान नाही.

मागच्या हप्त्याचे दोन हजार आम्ही एका मठात द्वादशीच्या पंगतीसाठी दिले. पावतीवर आईचं नाव. मला फार छान वाटलं होतं, स्टेटसही ठेवला होता (हो, ठेवला होता). त्याच आठवड्यात काकांचा फोन आला, "ताई, खताचे तुमच्या वाट्याचे जरा लवकर पाठवता आले तर बघा. डीएपीची गोणी साडेतेराशेला आहे." मी विचारलं, "काका, सरकारचे पैसे तुम्हाला येतात का?" ते हसले. "मला कसे येतील? सातबारा तुमचा. वहिनींना आले असतील की."

आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं.

ज्ञानोबा माऊली याच ठिकाणी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावतात. पुढचे श्लोक अन्न, पाऊस, यज्ञ, कर्म अशी साखळी सांगतात. त्या साखळीत काका दिसतात. आम्ही कुठे आहोत? पंगतीची पावती ही परतफेड धरायची का? ज्याचं घेतलं त्याला सोडून तिसऱ्यालाच दिलं, तर ते दान म्हणायचं की काय, मला खरंच ठरवता येईना. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, पण फक्त आपल्या वाट्याची. भावाचा वाटा भावाला ठेवला. दुसऱ्याच्या वाट्याचं त्यांनी पुण्य केलं नाही.

रात्री आईशी बोलले. ती चिडलीच. "मी चोर का? चाळीस वर्षं संसार केला, कुणी माझ्या नावावर एक रुपया टाकला नाही. हे पहिले पैसे, ज्यांच्या मेसेजवर माझं नाव येतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी आईचे पैसे वाटून मोकळी होत होते. माझ्या पगारातून काय जाणार, हे बोललेच नव्हते. आधी तिची माफी मागितली. मग खताचा आमचा वाटा आणि त्यांचाही, दोन्ही माझ्या खात्यातून पाठवले. काकांनी फोन करून विचारलं, "ताई, चुकून जास्त आले का?"

सकाळी पूजा करताना आई मागे न बघताच म्हणाली, "तीनातला एक हप्ता त्याला. पण मी देणार, तू नाही. आणि स्टेटस ठेवायचा नाही."

राम कृष्ण हरी.