पितळ उघडे

निवृत्त मराठी शिक्षकाकडे लोक काय काय लिहून घ्यायला येतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिका झाल्या, मानपत्रे झाली, एका गृहस्थाने तर म्हशीच्या विम्याचा अर्ज "जरा भावपूर्ण" करून मागितला. मी सगळे निमूटपणे लिहिले. पण गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतल्या कासारकाकांचा नातू आला आणि म्हणाला, "गुरुजी, दुकानाच्या वेबसाइटला टायटल लिहून द्या ना जी. पन्नास-साठ अक्षरांत बसलं पाहिजे." तेव्हा मात्र मी चष्मा पुसायला घेतला.

"म्हणजे दुकानाची पाटी?"

"पाटी नाही गुरुजी. पाटी रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही दिसते. गूगलमध्ये कोणी काही शोधलं की निळ्या अक्षरांत एक ओळ येते ना, ती. तेवढी एक ओळ वाचून माणूस ठरवतो, आत यायचं की नाही. लांब झाली तर शेपूट तुटते अन् तीन टिंबं येतात."

शेपूट तुटण्याची धमकी मला आयुष्यात कोणत्याच संपादकाने दिली नव्हती. मी रात्रभर विचार करून सकाळी शीर्षक दिले : 'सोनेरी आठवणींचा झंकार'. पोराने ते आदराने वाचले आणि विचारले, "पण गुरुजी, घागर पाहिजे असलेला माणूस 'झंकार' कायले शोधंल?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षे मी पोरांना सांगत आलो की शीर्षक सूचक असावे, विषय उघड सांगू नये. आता कळले की मी एक संपूर्ण पिढी कोणाला सापडू नये अशी तयार केली. त्यापेक्षा आमचे बाबा पदमनजी शहाणे. १८५७ साली त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. अर्धे नाव रसिकासाठी, अर्धे शोधणाऱ्यासाठी.

मग आम्ही शब्द निवडायला बसलो, आणि पहिली ठेच गावाच्याच नावाला लागली. पितळेचे गाव म्हणून आमचे भंडारा प्रसिद्ध. पण 'भंडारा' एवढेच शोधले तर यंत्राने काय समजावे? जेजुरीला उधळतात ती हळदही भंडारा, देवळातले गावजेवण तेही भंडारा, आणि देहूजवळचा तुकोबांचा डोंगरसुद्धा भंडाराच. दुसरी ठेच भांड्यांच्या नावांना. पुण्याचे पातेले आमच्याकडे गंज. कासारकाकांचा आग्रह, 'पितळी गंज' असेच लिहा. आता पुण्याच्या बाईंनी ते वाचले तर म्हणतील, बरा दुकानदार आहे, गंज चढलाय हे आधीच सांगून टाकतो!

शेवटी 'पातेली' लिहायचे ठरले. काका थोडे हिरमुसले. मलाही वाईट वाटले. गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द घेऊन आपला टाकायचा, ही लाचारी की सौजन्य? मला वाटते, भांड्याला स्वतःचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते. नाव लागते ते ज्याला भांडे हवे आहे त्याला. तेव्हा ते त्याच्या बोलीत असले तर बिघडले कुठे? आतल्या पानावर काकांचा 'गंज' ठेवलाच, पातेल्याच्या शेजारी, पाहुण्यासारखा नव्हे तर यजमानासारखा.

इथवर भाषेचे झाले. पुढे नातवाने खिशातून स्वतःचा मसुदा काढला : 'भारतातील नं. १ शुद्ध हस्तनिर्मित पितळी भांडी, सर्व रोगांवर गुणकारी'.

रोग मी तत्काळ खोडले. 'नं. १' खोडताना त्याने माझा हात धरला. म्हणाला, "सगळेच लिहितात गुरुजी." खरी अडचण मात्र 'हस्तनिर्मित' या शब्दाची होती. काकांचा खांदा आता साथ देत नाही; महिन्याकाठी चार-दोन भांडी ते स्वतः ठोकून घडवतात. बाकीचा माल मुरादाबादहून येतो. "पण दुकान भंडाऱ्याचंच आहे ना?" नातू म्हणाला. "हे नाही लिहिलं तर कोणी येणार नाही. अन् कोणी आलं नाही तर या दुकानात पुढच्या वर्षी मोबाइलची कव्हरं लागतील."

ही धमकी नव्हती, हिशेब होता. स्टीलने अर्धे दुकान कधीच खाल्ले होते.

मला आमचे स्टेशन आठवले. पाटीवर 'भंडारा रोड', आणि उतरावे तर गाव वरठी. भंडारा तिथून दहाएक किलोमीटर. म्हणजे पाटी खोटी का? नाही. ती 'रोड' हा एक शब्द जोडून प्रामाणिक राहिली आहे. बाकी रस्ता तुम्ही रिक्षावाल्याशी घासाघीस करून पार करायचा. आम्हालाही असाच एक 'रोड' हवा होता.

तो नातवालाच सापडला. "प्रत्येक पानाला वेगळं टायटल देता येते," तो जरा नाइलाजानेच म्हणाला. "तसंच द्यावं म्हणतात. आणि टायटल फार लांब किंवा शब्दांनी खच्चून भरलेलं असलं, तर २०२१ पासून गूगल ते बदलून पानावरचा मथळाच दाखवू शकते." म्हणजे काकांनी घडवलेल्या भांड्यांचे एक पान, मुरादाबादच्या मालाचे दुसरे. नातू धास्तावला. मुरादाबादचा माल भंडाऱ्याहून कोण मागवेल?

काका ओसरीवर घागरीला चिंच लावून घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पितळ उघडं पडंल म्हनून सोनेवाल्यानं भ्यावं बाप्पा. आपलं तं उघडंच ठेवलं हाये."

मी लिहिले : 'भंडाऱ्याची हाताने घडवलेली पितळी पातेली, घागरी'. दुसऱ्या पानावर लिहिले : 'मुरादाबादची पितळी भांडी, भंडाऱ्यातून घरपोच'. नातवाने अक्षरे मोजली आणि फार काही बोलला नाही.

आठवड्याने पहिला फोन आला. नाशिककडच्या कोणा बाईंचा. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्याकडे भंडाऱ्याचं सगळं होतं का हो? दत्तजयंतीला आमच्याकडे भंडारा आहे. तीनशे पानं."

नातवाने कपाळावर हात मारला. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "स्वयंपाक नाही होत जी आमच्याकडे. पन भाजीसाठी केवढा गंज लागंल, ते सांगतो. लिहून घ्या."