वाघ दिसला का?

मार्चच्या शेवटी पुण्याहून तीन मित्र येणार आहेत. मी गोंदियाचा, म्हणून नागझिऱ्याची सफारी ठरवायचं काम माझ्याकडे. ग्रुपवर एकच प्रश्न : 'वाघ नक्की दिसेल ना?'

मी जाणकार असल्यासारखं उत्तर दिलं. पानगळ झालेली असते, पाणी आटत जातं, जनावरं पाणवठ्यावर येतात. चोरखमारा गेट घेऊ, सकाळची फेरी.

मग मावशीला फोन केला. तिचं गाव जंगलाला लागून आहे. ती म्हणाली, "या ना. पण सकाळी मी घरी नसन. मोहफुलं वेचाले जातो."

मोह पहाटे गळतो. आम्ही जिप्सीत बसू त्याच वेळी ती झाडाखाली वाकून फुलं वेचत असेल. "तुमी वाघ दिसावा म्हणून पैसे देता," ती हसत म्हणाली, "आमी दिसू नये म्हणून देवाले हात जोडतो."

२०२३च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हा मी आनंदाने स्टेटस ठेवलं होतं. मावशीला काय वाटलं, हे विचारायचं सुचलंही नव्हतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ज्या सेरेंगेटीचे व्हिडिओ बघून आपल्याला सफारीचं वेड लागतं, तिथून १९५९ साली मसाई गुराख्यांना बाहेर पडावं लागलं. आज पडद्यावर ते जंगल 'माणसाचा स्पर्श न झालेलं' दिसतं.

मग वाघ बघायची इच्छाच चुकीची आहे का? मला तसं वाटत नाही. वाघ राहिला तर जंगल राहील, आणि मोहही. मावशीलाही वाघ मेलेला नकोय; तिला फक्त तो समोर नकोय. पण वाघ जगवण्याचा आनंद माझ्या वाट्याला आणि भीती तिच्या वाट्याला, ही वाटणी कोणी केली? मी केली नाही. तिचा फायदा मात्र मी घेतो. म्हणून जंगलालगतच्या माणसाचं वाघाने नुकसान केलं की भरपाई वेळेवर मिळाली का, हा प्रश्न फक्त त्याचा नाही, माझाही आहे.

बुकिंग केलंय. फेरी संपली की मावशीकडे जेवायला जाऊ. ती विचारेल, "वाघ दिसला का?" मलाही तिला तेच विचारायचं आहे. शब्द तेच, पण माझ्या प्रश्नाला तिचं उत्तर 'नाही' असावं, एवढीच इच्छा आहे.