सावलीला विचार

बस. आधी ती कॉलर सैल कर, मानेला घासतेय. खांदे भाजून लाल झालेत आणि वर मलाच सांगतोस, "सर, ऊन लागतच नव्हतं, वारा होता." काल दहापासून दोनपर्यंत चिवला बीचवर पाण्यात होतास तू. चार तास! आणि वर्गात हसतंय कोण? तुमच्यातले निम्मे त्याच्याबरोबरच होते.

लागणारं ऊन आणि भाजणारं ऊन एक नव्हे. अंगाला ऊब लागते ती दिसणाऱ्या प्रकाशाची आणि अवरक्त किरणांची. कातडी जाळतात ते अतिनील किरण, आणि ते ना दिसतात, ना लागतात. १८०१ साली ते शोधून काढणाऱ्या रिटरला तरी कुठे दिसले? जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे उजेडच नव्हता, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळं पडलं, म्हणून त्याला कळलं. खारा वारा तुझा घाम सुकवतो, किरण अडवत नाही. पाणीही अडवत नाही. अर्धा मीटर खोल गेलास तरी पृष्ठभागावरचे चाळीस टक्के किरण तुझ्या पाठीवर असतातच. त्यात मासे बघायला पालथे तरंगता, म्हणजे मान, पाठ, पोटऱ्या सगळं उघडं.

मग ऊन किती कडक ते ओळखायचं कसं? अंगाला विचारू नका, सावलीला विचारा. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत. मालवणात २२ डिसेंबरलासुद्धा भर मध्यान्ही पाच फुटांच्या मुलाची सावली जेमतेम चार फूट भरते. थंडीचे दिवस, म्हणून बिनधास्त पोहता ना? आत्ता एप्रिलात ती वीतभर आहे. ५ मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येईल, सावली पायाखाली जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या यूव्ही निर्देशांकात ११ पासून पुढे 'अतितीव्र' म्हणतात. या दिवसांत निरभ्र दुपारी आपला किनारा त्यात असतो. आणि ऑगस्टात, मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात जातात तेव्हा, ८ तारखेच्या आसपास सूर्य परत डोक्यावर. आभाळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पातळ ढगातून बहुतेक किरण खाली येतात.

"आम्ही रापलेलेच, आम्हांला काय होतंय?" हे मागच्या बाकावरून कोण बोललं? ऐक. काळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, खरं आहे. डोळा रापतो का रे? माझे वडील जन्मभर रापणीचं जाळं ओढत होते. ओल्या वाळूवर, फेसाच्या चकाकीत, डोक्याला पंचा, डोळ्यांवर काही नाही. नाकाच्या बाजूने मांसाचा पडदा वाढत बुबुळावर आला. शेवटी जाळ्याची भोकं बोटांनी चाचपून शोधायचे. मोतीबिंदूलाही हेच ऊन हातभार लावतं. तुमच्या घरी आजोबा असतील, संध्याकाळी त्यांचे डोळे नीट बघा.

सनस्क्रीन परवडत असेल तर लावा, एसपीएफ ३० चं, सढळ हाताने, आणि पाण्यातून आलात की पुन्हा. नसेल परवडत तर लाजायचं कारण नाही. घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा गडद शर्ट घाला. पातळ पांढरा बनियन भिजला की त्याचा आडोसा कमीच होतो. रुंद काठाची टोपी हवी. पुढे चोच असलेली कानांना आणि मानेला कामाची नाही. पोहायचं तर सकाळी लवकर, नाहीतर चारनंतर.

तू घरी जा. खांद्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेव, फोड आले तर फोडू नकोस, ताप भरला तर डॉक्टरकडे. आईला खरं सांग.

बाकीचे उद्या बारा पस्तीसला मैदानावर. सावली मोजायला काठी मी आणतो. टोपीशिवाय कुणी आला तर व्हरांड्यातून बघेल.